बसवेपर्यंत

बुधवारची सकाळ. हॉटेलातल्या नाश्त्याच्या पावाचे रोझविटा नुसते तुकडे करत बसली होती. शेजारी लोटार मात्र उकडलेली अंडी संपवून तिच्या ताटलीतल्या अंड्याकडे बघत होता.

"काय गं, बरं नाही का?"

"पाणी बदललं की होतं असं."

"पाणी कसलं! काल तो लाल मिरचीचा रस्सा दोनदा मागून घेतलास. मी तेव्हाच म्हटलं, म्हातारे, आपल्या पोटाला बटाट्याची सवय. राजवाडे बघायला आलीस, बघ आता हॉटेलचा संडास."

ती हसली. हसावंच लागलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्यापासून इतकी मोठी गोष्ट कधी लपवली नव्हती, आणि आज दुपारी चार वाजता ती फुटायची होती. बुडापेस्टच्या ऐन मध्यावर, कारंज्याच्या चौकातल्या एका कॅफेत, आतल्या दालनात त्यांची मुलगी सिग्रुन येऊन बसणार होती. आठ वर्षांनी. आणि लोटार म्हणजे तिचा बाप, त्याला याचा पत्ता नव्हता.

सिग्रुन विसाव्या वर्षी पळून गेली. नाही हो, कोणाचा हात धरून वगैरे नाही. ती देश सोडूनच पळाली. मालमोटारीत गालिच्यांच्या गठ्ठ्यांमागे अंग चोरून ती सीमेपलीकडच्या दुसऱ्या, पश्चिमेकडच्या जर्मनीत गेली. ना चिठ्ठी, ना निरोप. शुक्रवारी संध्याकाळी "येते गं" म्हणून पोर घराबाहेर पडली आणि सोमवारी दारात दोन अनोळखी सरकारी माणसं उभी राहिली. त्यांनी लोटारला नेलं आणि दिवसच्या दिवस तेच ते विचारलं. परत आला तेव्हा तो त्यांच्या गावच्या, प्लाउएनच्या लेस कारखान्यातला खातेप्रमुख राहिला नव्हता. त्याला गोदामात खोकी रचायला बसवलं. त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. पण रोझविटाने मुलीचा विषय काढला की उठायचा, तळघरात कोळसा आणायला जायचा. ऐन उन्हाळ्यातसुद्धा. "तो विषय संपला," एवढंच जिन्यातून ऐकू यायचं.

आता बापाचा विषय संपला म्हणून आईचा संपतो होय?

त्यांच्या सरकारचा न्यायही अजब. धट्ट्याकट्ट्या माणसाला पलीकडे पाय टाकू द्यायचा नाही, पण पेन्शनीत निघालेल्या म्हाताऱ्या खुशाल जाऊ देत. परत नाही आल्या तर पेन्शन वाचलं. रोझविटाला मात्र पेन्शन लागायला अजून अवकाश होता. खालच्या मजल्यावरच्या लिंडिगबाई अशाच पलीकडे कासेलला बहिणीकडे जाऊन आल्या, आणि येताना सिग्रुनचा निरोप घेऊन आल्या. लिहिलेला नव्हे, तोंडी. पत्रं उघडली जातात हे त्या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निरोप असा, की बुडापेस्टला या. हंगेरीत दोन्हीकडचे जर्मन येऊ शकतात. कितीतरी घरांतले भाऊभाऊ, मायलेकी तिथे सुट्टीच्या नावाखाली भेटून घेत. तिथल्या त्या कॅफेत मी असेन. आणि पप्पाला आण.

म्हणे पप्पाला आण! सांगायला काय जातंय. रोझविटाने सगळा हिवाळा लोटारच्या मागे भुणभुण लावली. समुद्रावर जाऊन जाऊन कंटाळा आला, एकदा तरी मोठं शहर दाखव, शेजारची श्टोल्त्से बाई जाऊन आली, मी काय पाप केलंय. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई, चल. पूल बघायला एवढ्या लांब." परवानगी मिळाली, सहलीच्या गाडीत दोन जागा मिळाल्या, आणि लिंडिगबाईंच्या पुढच्या कासेलवारीत वार आणि वेळ सिग्रुनला कळवून झाली. आता उरलं होतं ते त्याला चार वाजता त्या टेबलापाशी नेऊन उभं करणं. कळल्यावर तो काय करील हे तिला सांगता येत नव्हतं. तसाच वळून निघून गेला तर मुलगी ते डोळ्यांनी बघणार, आणि मग पुन्हा तोंड बघायचीही सोय उरणार नाही.

सकाळी सगळी सहल किल्ल्याच्या टेकडीवर गेली. पुढे क्रेच्मार, सहलीचा प्रमुख, हातात मिटलेली छत्री उंच धरून. माणूस गोड होता, फार गोड. जेवताना टेबलाटेबलाशी वाकून विचारायचा, "मग? आज कोणी ओळखीचं भेटलं का?" सगळे हसायचे आणि आपापल्या ताटात बघायचे; परत गेल्यावर तो सगळं वर कळवतो हे कोणाला ठाऊक नव्हतं! खाली डॅन्यूब पसरली होती, उन्हात करडी दिसत होती. लोटार कठड्याशी उभा राहून पुलांकडे बघत होता. त्याने आज टाय बांधला होता.

"टाय कशाला रे सकाळी सकाळी?"

"फोटो काढतात ना सगळे. तुझ्या शेजारी हमालासारखा दिसू?"

दुपारनंतर मोकळीक मिळाली. पाच वाजता कारंज्यापाशी जमायचं होतं, मग बोटीतून फेरी. रोझविटाने मनात सबबी रचून ठेवल्या होत्या. श्टोल्त्से बाईने इथल्या केकचं फार कौतुक केलंय, पाय दुखतात, चक्कर येतेय. पहिलीच सबब अर्धी तोंडात असताना लोटार म्हणाला, "केक ना? चल." बाकीच्या वाया गेल्या.

आणि मग घडलं ते असं, की ऐकणाऱ्याला हसू येईल. त्यांच्या गावचा माणूस मात्र हसणार नाही.

कॅफेचं दार उघडंच होतं. आत संगमरवरी टेबलं, भिंतभर आरसे, कोपऱ्यात एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत बसलेला. पुढच्या दालनात अर्धी टेबलं रिकामी. लोटार दारात थांबला, टोपी काढून दोन्ही हातांत धरली. रोझविटा त्याच्या शेजारी थांबली.

का थांबली? कारण त्यांच्या देशात असंच थांबतात. खाणावळ असो, हॉटेल असो, दारातच पाटी असते: इथे थांबा, तुम्हाला बसवलं जाईल. सगळं दालन ओस पडलेलं असू दे, वेटर कोपऱ्यात नखं कोरत असू दे, आपण दारात उभं राहायचं. तो येईल, आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघेल, आणि मनात आलं तर कुठल्यातरी खांबामागे नेऊन बसवेल. आपण होऊन बसलात तर चारचौघांत असा पाणउतारा होतो की दुसऱ्यांदा धाडस होत नाही. त्यांचा जन्म त्यात गेला होता. इथे पाटी नव्हती, पण पाटी वाचून कोण थांबतंय? पायच थांबतात. आणि या सहलीत सगळं जेवणखाण क्रेच्मारने आधी ठरवलेल्या टेबलांवर झालेलं, त्यामुळे बुडापेस्टची रीत वेगळी आहे हे कळायला वावच मिळाला नव्हता.

दोघं उभी राहिली. एक वेट्रेस ट्रे घेऊन बाजूने गेली, बघून हसली, पुढे गेली. एक जोडपं मागून आलं, यांना वळसा घालून आत गेलं आणि बसलंसुद्धा.

"इथल्या ओळखीचे असतील," लोटार पुटपुटला.

"असतील."

रोझविटाने मान लांब करून पाहिलं. आतलं दालन तिथून दिसत नव्हतं, मध्ये भिंत आडवी येत होती. त्या भिंतीपलीकडे आपली पोर आहे. आत जावं, सरळ चालत जावं. पण वेट्रेस ओरडली तर? सगळे वळून बघतील. आणि बाहेर चौकात सहलीतले लोक हिंडत होते, क्रेच्मार कारंज्याच्या कठड्यावर बसून आइसक्रीम खात होता. आज कोणी आपल्याकडे वळून बघायला नको होतं. आज शहाण्यासारखं, रीतीने, आवाज न करता आत जायचं होतं. म्हणून ती उभी राहिली. नंतर तिने स्वतःला याबद्दल कधी माफ केलं नाही.

घड्याळात चार केव्हाच वाजून गेले होते. लोटार ताठ उभा होता, हनुवटी वर, चेहरा दगडी. ती मधूनमधून त्याची बाही ओढून म्हणत होती, "थांबू या अजून थोडं." तो म्हणत होता, "थांबलोय की."

शेवटी ती हसणारी वेट्रेस कंबरेवर हात ठेवून समोर आली. तिची जर्मन मोडकीतोडकी होती, पण समजत होती. "कोणाची वाट पाहता तुम्ही? केव्हापासून दारात!"

"बसवण्याची," रोझविटा म्हणाली.

"कोण बसवणार?"

"तुम्ही."

वेट्रेस हसत सुटली. "इथे बसवत नाहीत! इथे बसतात! ती बघा खुर्ची, ती बघा दुसरी!"

रोझविटा तिचं पुढचं ऐकायला थांबली नाही. जवळजवळ धावतच भिंत ओलांडून ती आतल्या दालनात शिरली. कोपऱ्यातल्या टेबलावर तीन बशा होत्या. तिन्हींत केकचा तुकडा, एकालाही काटा लागलेला नाही. तीन कप. खुर्ची मागे सरकवलेली. माणूस नाही.

"इथल्या बाई गेल्या, आत्ताच," मागून आलेली वेट्रेस म्हणाली. तिचं हसणं मावळलं होतं. "त्या आरशात बघत होत्या, सारखं बघत होत्या. मग रडल्या. मला विचारलं, मागून वाट आहे का? मी म्हटलं, स्वयंपाकघरातून आहे. म्हणाल्या, ते आत येणार नाहीत."

रोझविटाने समोर पाहिलं. भिंतीवर मोठा आरसा होता आणि त्यात रस्त्याचं दार स्वच्छ दिसत होतं. मघाशी त्यात दिसत असणार तो दारात टोपी हातात धरलेला लोटार. ताठ. दगडासारखा. त्याला ओढणारी आपण. मुलीला काय दिसलं असेल ते तिला क्षणात कळलं. ती मटकन त्या सरकवलेल्या खुर्चीत बसली.

"लोटार," ती म्हणाली, कारण तो आता येऊन टेबलाशी उभा होता. "लोटार, मी तुला सांगितलं नाही. इथे..."

"तीन मागवलेत," तो बशांकडे बघत म्हणाला.

"सिग्रुन होती इथे."

"माहितीये मला."

ती खुर्चीतून अर्धवट उठली.

"इतकी वर्षं तुझ्या शेजारी झोपतोय, म्हातारे. तुला श्टोल्त्से बाईचं तोंड बघवत नाही आणि ती गेली म्हणून तू हट्ट धरतेस? लिंडिगबाई कासेलहून आली त्या रात्रीपासून तू झोपेत मुलीचं नाव घेतेयस, आणि अलीकडे बुधवार, चार वाजता, कॅफे असं पुटपुटतेयस. मी काय बहिरा आहे?" त्याने टायची गाठ चाचपली. "मी आत यायलाच आलो होतो गं. टाय बांधून आलो होतो. दारात उभा राहून शब्द जुळवत होतो."

"मग आत का नाही आलास?"

"मला कुठे कोणी बसवलं?"

हे म्हणताना त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. त्याने टोपी टेबलावर टाकली आणि वेट्रेसने दाखवलेल्या दाराने, भांडी घासणाऱ्या बायकांमधून, तो धावला. साठीला टेकलेला माणूस, गुडघ्यात वात, पण धावला. रोझविटा त्याच्या मागून.

मागची गल्ली वळून पुन्हा चौकातच निघत होती. ट्रामच्या थांब्यावर गर्दी. पिवळी ट्राम येऊन उभी राहिली होती, माणसं चढत होती, आणि त्यांत एक राखाडी कोट, आखूड कापलेले केस. पाठमोरी. पण आईला पाठ पुरते.

"सिग्रुन!"

लोटार ओरडला. सगळा चौक वळला. क्रेच्मार वळला, श्टोल्त्से बाईने आपल्या ज्या बहिणीला सहलीची शिफारस केली होती ती वळली, सहलीतले सगळे वळले. तो राखाडी कोट वळला नाही. तिने दांडा धरला, पाय पायरीवर ठेवला.

"सिग्रुन! अगं, आम्ही आत यायलाच आलो होतो!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "आम्हाला कोणी बसवलं नाही!"

चौकातल्या हंगेरियन माणसांना वाटलं असेल, म्हातारा वेडा झाला. सहलीतल्यांतलं मात्र कोणीही हसलं नाही. ट्रामच्या पायरीवरची बाई थांबली. आठ वर्षांत ती ज्या देशात राहत होती तिथे माणसं सरळ आत जाऊन बसत, आणि तीही तशीच जाऊन बसायला शिकली होती, इतकी, की दारातली माणसं कशाची वाट बघतायत हे तिला आरशात बघून ओळखता आलं नव्हतं. आता ओळखता आलं. तिने दांडा सोडला. ट्राम तिला न घेता निघून गेली.

ती जवळ आली तेव्हा तिघांनाही मिठी मारायचं सुचेना. आठ वर्षांचं अंतर मिठीत मावतंय होय! सिग्रुन रडत होती आणि हसतही होती. "अजूनही उभं करतात तुम्हाला?"

"अजूनही," लोटार म्हणाला.

"मला वाटलं, आई ओढतेय आणि तू पाऊल टाकत नाहीयेस."

"ओढत होतीच. पण मी काय आजच ओढला जातोय?"

तिघं कॅफेकडे परतली. सिग्रुन तरातरा आत शिरली. रोझविटाही शिरली. लोटारचे पाय उंबऱ्याशी पुन्हा थांबले, त्याच्या इच्छेविरुद्ध. त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, कान लाल झाले. सिग्रुन मागे आली, तिने त्याच्या दंडाला धरलं. "ये पप्पा. मी बसवते तुला."

तो बसला. नवी कॉफी आली. त्याने जुळवलेले शब्द कुठे गेले कोण जाणे. चमचा कपात फिरवत तो म्हणाला, "मारलं वगैरे नाही कोणी मला. एकच विचारायचे, तुला माहीत होतं का. मी म्हणायचो, नव्हतं. पुन्हा विचारायचे. पुन्हा म्हणायचो, नव्हतं. गेलेल्या पोरीच्या बापाला माहीत नसतं हे कोणाला खरं वाटणार? परक्या माणसांना शपथेवर पटवून द्यावं लागलं मला, की माझ्या मुलीला मला सांगावंसं वाटलं नाही. गोदामाचं काही नाही गं. ते एवढंच टोचतं."

रोझविटाने हे आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तळघरात जाऊन तो काय करत होता ते तिला आज कळलं.

"सांगितलं असतं," सिग्रुन म्हणाली, "तर तुला त्यांच्यासमोर खोटं बोलावं लागलं असतं. आणि तुला खोटं बोलता येत नाही, पप्पा. जन्मात आलं नाही. आईच्या वाढदिवसाची भेटसुद्धा तू कधी लपवू शकला नाहीस. त्यांनी तुला सोडलं असतं का? मी खूप विचार केला. त्या गालिच्यांमागे पडल्या पडल्या तेवढाच केला."

 लोटारने डोळे मिटले, आणि त्याच्या टायवर टपटप पाणी पडायला लागलं. रोझविटाने रुमाल दिला नाही, पडू दिलं. आठ वर्षांचं होतं ते.

"हो," तो शेवटी म्हणाला. "ते येत नाही मला."

"पण या वेळी तू मला बरं फसवलंस," रोझविटा म्हणाली. "माहीत असून हू की चू नाही!"

"गप्प बसता येतं. ते वेगळं."

सिग्रुन हसली, आणि तेवढ्यात लोटारचं लक्ष आरशाकडे गेलं. रस्त्याच्या दारात क्रेच्मार आला होता; तो कोण हे रोझविटाने मुलीच्या कानात सांगितलं. हातात ती मिटलेली छत्री. चौकात जे ऐकलं ते त्याला पुरेसं होतं. आता तो विचारायला येणार होता, की या बाई कोण. मग घरी गेल्यावर दुसरी माणसं विचारणार होती. पुन्हा परवानगी मिळणार नव्हती, हंगेरीची नाही, कुठलीच नाही, हे तिघांनाही न बोलता समजलं. सिग्रुनने आईचा हात घट्ट धरला.

पण क्रेच्मार आत आला नाही. तो दारात थांबला होता. छत्री काखेत, टोपी दोन्ही हातांत, नजर वेट्रेसवर. ताठ उभा. तोही त्यांच्याच देशातला होता.

"आई, तो..." सिग्रुन कुजबुजली.

"उभा आहे," लोटार म्हणाला, आणि काटा उचलून त्याने केकचा पहिला तुकडा तोंडात घातला. "सांग आता. राहतेस कुठे, खातेस काय, सगळं सांग. सावकाश सांग."

ती सांगायला लागली. ती लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिच्या खोलीच्या खिडकीतून कालवा दिसायचा. एक माणूस होता, लग्नाचं विचारत होता, आणि तिने त्याला सांगितलं होतं की आधी घरी विचारते. रोझविटा ऐकत होती आणि आरशात बघत होती. हसणारी वेट्रेस ट्रे ठेवून, ॲप्रनला हात पुसत, दारातल्या त्या माणसाकडे निघाली. ही दुसरी वेळ, तिला आता गंमत कळली होती. ती जाऊन म्हणेल, इथे बसवत नाहीत, इथे बसतात.

उभ्या आयुष्यात रोझविटाने कधी कुठल्या वेट्रेसला हाक मारली नव्हती. तिने हात लांब करून तिचा ॲप्रन मुठीत पकडला.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या पाया पडते. त्याला इतक्यात आत बोलावू नका."